पाचगणीत पियानो शिकलेला फ्रेडी मर्क्युरी बँडमध्ये आला, तोही दुसऱ्याच्या जागेवर

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा दौरा जाहीर झाला, की सोशल मीडियावर एक भांडण ठरलेलं असतं.

पोस्टरवर नाव असतं 'क्वीन + ॲडम लॅम्बर्ट'. गिटारवर ब्रायन मे, ड्रम्सवर रॉजर टेलर, दोघंही सत्तरी ओलांडलेले. गाणारा ॲडम लॅम्बर्ट १९८२ साली जन्मलेला. मूळ चौघांपैकी बास गिटार वाजवणारा जॉन डिकन कधीच निवृत्त झालाय. आणि ज्याच्या आवाजामुळे जग या बँडला ओळखतं, तो फ्रेडी मर्क्युरी तर १९९१ मध्येच गेला.

मग कमेंट्समध्ये तट पडतात.

एक गट म्हणतो, फ्रेडी नाही तर क्वीन नाही, सरळ नाव बदला. दुसरा म्हणतो, बँड मे आणि टेलरचाही आहे, गाणी त्यांनीही लिहिली, मग त्यांनी घरी का बसायचं? तिसरा गट छोटा, पण कडवा. त्यांचं दुःख वेगळंच. सगळे फ्रेडीवरून भांडतायत, पण स्टेजवर डिकनही नाही, याची कुणाला आठवणसुद्धा नाही.

या भांडणाचं उत्तर शोधायचं तर फ्रेडीच्या आयुष्यात डोकवावं लागतं. कारण क्वीनचा हा गायक स्वतः बँडमध्ये आला होता, तो आधीचा गायक सोडून गेला म्हणून.

आणि त्याचा रस्ता जातो आपल्या सातारा जिल्ह्यातून.

झांझिबार ते पाचगणी

फ्रेडीचं खरं नाव फारोख बलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या झांझिबार बेटावरचा. आईवडील पारशी, मूळचे गुजरातचे. बलसारा हे आडनावही बलसाडवरून, म्हणजे आजच्या वलसाडवरून आलेलं. झांझिबारवर तेव्हा इंग्रजांचा अंमल होता आणि वडील बोमी बलसारा सरकारी कचेरीत कॅशियर होते.

पोराला चांगलं शिक्षण मिळावं म्हणून आईवडिलांनी त्याला भारतात पाठवायचं ठरवलं. आठ वर्षांचा फारोख पाचगणीच्या सेंट पीटर्स स्कूलमध्ये दाखल झाला. घर समुद्रापार, सुट्टीत जायचं ते मुंबईच्या नातेवाइकांकडे.

याच शाळेत मित्र त्याला फ्रेडी म्हणायला लागले आणि इथेच तो पियानो शिकला. टेबल टेनिस आणि बॉक्सिंगही खेळायचा. बाराएक वर्षांचा असताना पोरांनी मिळून शाळेत एक बँड काढला, नाव 'द हेक्टिक्स'. परदेशातली गाजलेली रॉक अँड रोल गाणी ऐकायची आणि शाळेच्या कार्यक्रमात वाजवायची.

गंमत म्हणजे या बँडचा मुख्य गायक फ्रेडी नव्हता. गायला दुसराच मुलगा उभा असायचा आणि फ्रेडी पियानोवर. पुढे जगातला सगळ्यात दमदार स्टेज गायक म्हणून ज्याचं नाव घेतलं जाणार होतं, तो पाचगणीच्या स्टेजवर साथीला बसायचा.

१९६३ मध्ये तो झांझिबारला परत गेला. पण वर्षभरातच बेटावर आगडोंब उसळला. जानेवारी १९६४ मध्ये सुलतानाची सत्ता उलथवून टाकणारी क्रांती झाली. हजारो अरब आणि भारतीय मारले गेले. बलसारा कुटुंबाने जमेल तेवढं सामान उचललं आणि इंग्लंड गाठलं. लंडनच्या हीथ्रो विमानतळाजवळ फेल्टम नावाचं उपनगर आहे, तिथे त्यांनी नव्याने संसार मांडला.

फ्रेडी तेव्हा सतरा वर्षांचा होता.

आधी चाहता, मग गायक

लंडनमध्ये फ्रेडीने ईलिंग आर्ट कॉलेजला प्रवेश घेतला, ग्राफिक डिझाइन शिकायला. डोक्यात मात्र गिटारवादक जिमी हेंड्रिक्स. वहीत त्याची चित्रं काढत बसायचा.

कॉलेजात त्याची मैत्री झाली टिम स्टाफेल नावाच्या मुलाशी. टिमचा एक बँड होता, 'स्माइल'. टिम गायचा आणि बास वाजवायचा. गिटारवर होता खगोलभौतिकीचा विद्यार्थी ब्रायन मे आणि ड्रम्सवर रॉजर टेलर.

फ्रेडी या बँडचा चाहता झाला. कार्यक्रमांना जायचा, सोबत फिरायचा आणि न विचारता सल्ले द्यायचा. कपडे असे घाला, स्टेजवर असे वागा. आजच्या भाषेत सांगायचं तर कमेंट बॉक्समधला चाहता, फक्त समोर येऊन बोलणारा.

स्वतःची धडपडही चालूच होती. १९६९ मध्ये तो लिव्हरपूलच्या 'आयबेक्स' बँडसोबत गायला, नंतर आणखी एका बँडमध्ये गेला. एकही टिकला नाही. पोटासाठी तो आणि रॉजर केन्सिंग्टन मार्केटमध्ये कपड्यांचा स्टॉल चालवायचे. हीथ्रो विमानतळावर त्याने सामानही उचललं.

१९७० मध्ये टिमने स्माइल सोडला. वेगळ्या बँडमध्ये जास्त भवितव्य आहे असं त्याला वाटलं. ब्रायन आणि रॉजरकडे गायक नव्हता. शेजारी उभा होता सल्ले देणारा फ्रेडी.

तो आला आणि त्याने पहिलं काम केलं ते नाव बदलण्याचं. बँडचं नाव ठेवलं क्वीन आणि स्वतःचं आडनाव केलं मर्क्युरी. बँडचं बोधचिन्हही त्यानेच काढलं, कॉलेजात शिकलेलं कामी आलं. त्यात चौघांच्या राशी आहेत. सिंह राशीचे दोन सिंह, कर्केचा खेकडा आणि स्वतःच्या कन्या राशीसाठी दोन पऱ्या.

२७ जून १९७० ला इंग्लंडच्या ट्रुरो गावात या मंडळींचा पहिला कार्यक्रम झाला. तो आधीच ठरलेला होता, त्यामुळे नोंद स्माइलच्याच नावावर. म्हणजे फ्रेडी ज्या दिवशी पहिल्यांदा या दोघांसोबत उभा राहिला, त्या दिवशी जाहिरातीत त्याच्या आधीच्या माणसाचा बँड होता.

पुढचं वर्षभर बास गिटारवाले येत गेले आणि जात राहिले. १९७१ च्या सुरुवातीला जॉन डिकन सापडला. एकोणीस वर्षांचा, इलेक्ट्रॉनिक्स शिकणारा, शांत मुलगा. तिथे चौघांचा संच पक्का झाला आणि फ्रेडीच्या मृत्यूपर्यंत वीस वर्षं तो बदलला नाही. रॉकच्या दुनियेत, जिथे दर दोन वर्षांनी कुणी ना कुणी भांडून बाहेर पडतं, तिथे हे फार दुर्मीळ आहे.

१९७३ मध्ये पहिला अल्बम आला. त्यात 'डूइंग ऑल राइट' नावाचं एक गाणं आहे. ते लिहिलेलं टिम स्टाफेल आणि ब्रायन मे यांनी, स्माइलच्या काळात.

गायलं फ्रेडीने.

आज लॅम्बर्ट फ्रेडीची गाणी गातो म्हणून वाद होतो. क्वीनच्या पहिल्याच अल्बमवर फ्रेडीने टिमचं गाणं गायलं होतं. टिम पुढे मॉडेल बनवण्याच्या कामात गेला आणि लहान मुलांच्या 'थॉमस द टँक इंजिन' मालिकेसाठी त्याने काम केलं.

गर्दीलाच बँडमध्ये घेतलं

१९७५ मध्ये 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' आलं. गाणं जवळपास सहा मिनिटांचं. रेडिओवर तीन मिनिटांची गाणी चालायची असा तो काळ. तरी ते ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

पण हे गाणं स्टेजवर गायचं कसं? मधल्या ऑपेराच्या भागात आवाजांचे थरावर थर होते, स्टुडिओत तासन्‌तास रेकॉर्ड केलेले. चार माणसांना ते प्रत्यक्ष गाणं शक्य नव्हतं. क्वीनने सरळ मार्ग काढला. त्या भागाला चौघं स्टेजवरून आत जायचे आणि टेप लावली जायची. शेवटचा रॉकचा भाग आला, की दिव्यांच्या लखलखाटात परत बाहेर.

हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. आजच्या कार्यक्रमात पडद्यावर फ्रेडीचं जुनं चित्रीकरण दाखवतात, त्यावर काही चाहते नाक मुरडतात, की लाइव्ह कार्यक्रमात रेकॉर्डिंग कशाला? फ्रेडी असतानाही कार्यक्रमाचा काही भाग टेपवरच चालायचा आणि कुणी तक्रार करायचं नाही.

फ्रेडीची खरी ताकद दिसायची ती गर्दीसमोर. हातात अर्धाच माइक स्टँड. तो एका कार्यक्रमात मोडला आणि मग तसाच ठेवला, असं सांगितलं जातं. तो दांडा कधी गिटार व्हायचा, कधी तलवार. लांबच्या शेवटच्या रांगेतल्या माणसालाही वाटावं, की हा आपल्याकडे बघूनच गातोय.

१९७७ च्या सुमारास बँडच्या लक्षात आलं, की लोक आपल्याबरोबर गातात, आपल्यापेक्षा मोठ्याने गातात. तेव्हा काही बँड याला वैतागायचे. क्वीनने उलटं केलं, लोकांना काम देणारी गाणीच लिहिली. ब्रायनने 'वी विल रॉक यू' लिहिलं. दोनदा पाय आपटा, एकदा टाळी वाजवा. वाद्य नको, सराव नको. फ्रेडीने 'वी आर द चॅम्पियन्स' लिहिलं, ज्याचं धृपद हजारो लोक हात उंचावून एकत्र गाऊ शकतात.

१९८१ मध्ये ब्राझीलच्या साओ पावलोमधल्या मोरुंबी स्टेडियमवर एका रात्री लाखाच्या वर लोक जमले. इंग्रजी न बोलणारा तो देश बँडबरोबर इंग्रजी गाणी म्हणत होता.

२१ मिनिटं

सगळं गोडीगुलाबीत चाललं होतं असंही नाही.

चौघंही गाणी लिहायचे आणि चौघांनीही हिट गाणी दिली. त्यामुळे कुणाचं गाणं सिंगल म्हणून येणार, पैसे कुणाला मिळणार, यावरून चांगलीच जुंपायची. १९८४ मध्ये तर मोठी चूक झाली. दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांची वर्णद्वेषी राजवट होती आणि संयुक्त राष्ट्रांनी कलाकारांना तिथे जाऊ नका असं सांगितलं होतं. तरी क्वीन सन सिटीला जाऊन वाजवून आला. ब्रिटनमधल्या संगीतकारांच्या संघटनेने दंड केला, वर्तमानपत्रांनी झोडपलं.

अशात आला १३ जुलै १९८५ चा लाइव्ह एड. इथिओपियातल्या दुष्काळासाठी पैसे उभे करायला लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर आणि अमेरिकेत फिलाडेल्फियात एकाच दिवशी कार्यक्रम. सॅटेलाइटवरून जगभर प्रक्षेपण.

'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' या २०१८ च्या सिनेमात दाखवलंय, की तेव्हा बँड फुटला होता आणि लाइव्ह एडसाठी परत एकत्र आला. सिनेमासाठी ते ठीक, पण खरं नाही. क्वीनचा जगभराचा दौरा दोनच महिन्यांपूर्वी, मे महिन्यात जपानमध्ये संपला होता.

वेम्ब्लीवर त्या दिवशी ७२ हजार माणसं होती. ती एकट्या क्वीनसाठी आलेली नव्हती. दिवसाउजेडी वाजवायचं, त्यामुळे क्वीनच्या प्रसिद्ध दिव्यांचा काही उपयोग नाही. हातात वीसएक मिनिटं.

बाकीचे नवीन गाणी वाजवून आपली जाहिरात करू शकत होते. क्वीनने लंडनच्या शॉ थिएटरमध्ये रीतसर सराव केला, गाणी कापून छोटी केली आणि सगळ्यांना पाठ असलेल्या सहा गाण्यांची एक सलग माळ बनवली. गाण्यांच्या मध्ये फ्रेडीने नुसत्या स्वरांचा खेळ मांडला. तो एक तान घ्यायचा आणि ७२ हजार लोक ती परत करायचे.

२१ मिनिटांनी क्वीन स्टेजवरून उतरला, तेव्हा दिवस कुणाचा होता हे सगळ्यांना कळलं होतं. रॉकच्या इतिहासातला सगळ्यात भारी लाइव्ह कार्यक्रम कोणता, ही चर्चा निघाली की आजही पहिलं नाव याचंच येतं.

शेवटचा दौरा

१९८६ मध्ये क्वीनने युरोपात २६ कार्यक्रम केले. तेव्हाही बँड फुटणार अशा बातम्या छापून येत होत्या. वेम्ब्लीच्या स्टेजवरून फ्रेडीने त्या अफवांची खिल्ली उडवली आणि मरेपर्यंत आम्ही एकत्र राहणार, असं हजारो लोकांसमोर सांगून टाकलं.

९ ऑगस्ट १९८६ ला नेबवर्थमध्ये लाखाहून जास्त लोकांसमोर दौऱ्याचा शेवट झाला. हा फ्रेडीचा क्वीनसोबतचा शेवटचा कार्यक्रम ठरेल, हे गर्दीतल्या कुणालाच माहीत नव्हतं.

१९८७ मध्ये त्याला एचआयव्हीची लागण झाल्याचं निदान झालं. त्या काळात यावर धड औषध नव्हतं आणि समलैंगिक माणसांबद्दल वर्तमानपत्रं वाट्टेल ते छापत होती. फोटोग्राफर दारात बसून राहायचे. फ्रेडीने बाहेर कुणाला काही सांगितलं नाही. सोबत्यांना कळल्यावर त्यांनीही तोंड उघडलं नाही. विचारलं की साफ नकार द्यायचे.

दौरे थांबले, काम थांबलं नाही. १९८९ च्या 'द मिरॅकल' अल्बमपासून चौघांनी एक निर्णय घेतला. कुणीही गाणं लिहिलेलं असो, नाव फक्त क्वीनचं लागेल. पैशाचं आणि श्रेयाचं जुनं भांडण तिथेच मिटलं. 'इन्युएंडो' हा अल्बम फेब्रुवारी १९९१ मध्ये आला. त्यानंतरही अंगात त्राण असेपर्यंत स्वित्झर्लंडच्या माँट्रोमध्ये तो गाणी रेकॉर्ड करत राहिला. मागे राहिलेल्यांनी ती पूर्ण करावीत, हाच त्यामागचा हेतू होता.

२३ नोव्हेंबर १९९१ ला त्याने आपल्याला एड्स असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी, २४ नोव्हेंबरला लंडनच्या घरी त्याचं निधन झालं. वय ४५. अंत्यविधी पारशी पद्धतीने, धर्मगुरूंच्या प्रार्थनेसह झाला.

पाचगणीत वाढलेल्या या माणसाच्या हयातीत क्वीनचा भारतात एकही कार्यक्रम झाला नाही.

मग पुढे काय झालं?

२० एप्रिल १९९२ ला त्याच वेम्ब्लीवर श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाला. डेव्हिड बोवी, ॲनी लेनक्स, एल्टन जॉन, जॉर्ज मायकल असे एकाहून एक गायक क्वीनची गाणी गाऊन गेले. त्या निधीतून एड्सविरोधात काम करणारा मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट उभा राहिला. जॉर्ज मायकल इतका सुंदर गायला, की आता यालाच घ्या, अशी चर्चा चाहत्यांत सुरू झाली. लाइनअपचा वाद तेव्हापासूनचा आहे.

१९९५ मध्ये तिघांनी फ्रेडीच्या मागे राहिलेल्या आवाजावर 'मेड इन हेवन' अल्बम पूर्ण केला. जानेवारी १९९७ मध्ये डिकन पॅरिसला शेवटचं वाजवून गेला आणि परत स्टेजवर आला नाही. फ्रेडीशिवाय त्याला ते करायचंच नव्हतं.

मे आणि टेलर थांबले नाहीत. २००५ पासून पॉल रॉजर्ससोबत त्यांचे दौरे झाले. रॉजर्स स्वतः 'फ्री' आणि 'बॅड कंपनी' या बँडचा मोठा गायक. आवाज दणकट, पण ब्लूजच्या मातीतला. क्वीनच्या नाटकी गाण्यांना तो जुळत नाही, असं अनेक चाहत्यांना वाटलं. २००९ मध्ये ती सोबत संपली.

त्याच वर्षी 'अमेरिकन आयडल' स्पर्धेच्या अंतिम भागात मे आणि टेलरची गाठ ॲडम लॅम्बर्टशी पडली. २०१२ मध्ये युक्रेनच्या कीव्हमध्ये त्याने क्वीनसोबत पहिला पूर्ण कार्यक्रम केला आणि पुढे तोच राहिला. फेब्रुवारी २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वणव्यांसाठी सिडनीत मदतीचा कार्यक्रम झाला, तेव्हा या मंडळींनी लाइव्ह एडचीच गाणी वाजवली. लाइव्ह एड झाला तेव्हा लॅम्बर्ट तीन वर्षांचा होता.

तो फ्रेडीची नक्कल करत नाही. फ्रेडीची जागा कुणी घेऊ शकत नाही, मीही तुमच्यासारखाच चाहता आहे, हे तो स्टेजवरून सांगत आलाय. पोस्टरवरचं अधिकाचं चिन्हही तेच सांगतं. क्वीन आणि लॅम्बर्ट, दोन्ही शेजारी शेजारी.

चाहत्यांचं भांडण यामुळे मिटलेलं नाही आणि मिटायची गरजही नाही. फ्रेडी नाही तर क्वीन नाही म्हणणारे चुकीचे नाहीत. तो आवाज, ती ऐट, तो पियानो परत येणार नाही. डिकनसाठी हळहळणारेही बरोबर आहेत, कारण 'अनदर वन बाइट्स द डस्ट' हे त्याने लिहिलेलं गाणं त्याच्याच बासच्या चालीवर उभं आहे.

पण दौरा चालू ठेवावा का, या प्रश्नाचा अर्धा निकाल १९७० मध्येच लागला होता. गायक सोडून गेला म्हणून ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांनी तेव्हा बँड बंद केला असता, तर फारोख बलसारा नावाचा सल्ले देणारा चाहता कदाचित केन्सिंग्टन मार्केटमध्ये कपडेच विकत राहिला असता.